चॉकलेटचा कोट घातलेलं बिस्कीट

बालमित्रांनो, डोळे मिटा आणि एक चित्र डोळ्यांसमोर आणा. समोर बशी आहे. बशीत एक गोल, खरपूस भाजलेलं बिस्कीट आहे आणि त्याच्या एका बाजूला चकचकीत चॉकलेटचा थर! काय, सुटलं ना तोंडाला पाणी? लाजू नका, हे लिहिताना माझ्याही तोंडाला सुटलंय.

आता एक गंमत सांगते. आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा एके दिवशी तिसऱ्या तासालाच बाकावर डोकं टेकवून बसला. एरवी पाढे म्हणताना सगळ्यात मोठा आवाज त्याचा. जवळ जाऊन विचारलं, "काय रे, बरं नाही का वाटत?"

"बाई, भूक लागलीय."

"सकाळी काही खाल्लं नाहीस?"

"खाल्लं की! पाच बिस्किटं खाल्ली, चॉकलेटवाली. त्यावर 'डायजेस्टिव्ह' लिहिलंय. ताई म्हणाली, म्हणजे पचायला चांगली."

वर्ग हसला, पण मला त्याचं म्हणणं खोटं वाटेना. पाकिटावर 'पाचक' असं लिहिलेलं असेल, तर कुणालाही तसंच वाटणार. शिवाय पाच बिस्किटं खाऊनही पोरगं उपाशी कसं? दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि या बिस्किटाचाच अभ्यास केला. चला, तुम्हीही बसा आमच्या वर्गात.

नाव आलं कुठून?

त्यासाठी थेट ब्रिटनला जावं लागेल. तिथल्या मॅकव्हिटी कंपनीत अलेक्झांडर ग्रँट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १८९२ साली जाडसर गव्हाच्या पिठाचं एक बिस्कीट तयार केलं. त्यात खाण्याचा सोडा घातला होता. सोड्यामुळे पोटाला आराम पडतो, अशी तेव्हा लोकांची समजूत. म्हणून नाव पडलं 'डायजेस्टिव्ह'. पण बिस्किटात सोडा असतो तो थोडासा, आणि भट्टीत भाजताना त्याचं रूपही बदलतं. त्याचं मुख्य काम बिस्कीट फुलवायचं. तेव्हा 'डायजेस्टिव्ह' हे औषधाचं नव्हे, निव्वळ बिस्किटाचं नाव आहे.

पुढे १९२५ साली याच बिस्किटावर चॉकलेटचा थर चढला. आपल्याला वाटतं, चॉकलेट वरून ओतत असतील. पण या बिस्किटाची खालची बाजू पातळ चॉकलेटवरून सरकत जाते आणि तिला चॉकलेट लागतं. म्हणजे चॉकलेटची बाजू खरं तर खालची! आपण मात्र ते उलटं धरून खातो.

एकावर थांबत का नाही?

पोळी खाऊन पोट भरलं की हात आपोआप थांबतो. मग या बिस्किटाला हात का थांबत नाही? यात तुमचा हावरटपणा नाही बरं का! त्याची कारणं बिस्किटातच आहेत.

पहिलं कारण, कोको बटर. कोकोच्या बियांमधलं हे तूप साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि आपल्या तोंडातली उष्णता असते ३७ अंशांच्या आसपास. म्हणजे हातात घट्ट असलेलं चॉकलेट जिभेवर गेलं की विरघळतं. (आपल्या उन्हाळ्यात ते पाकिटातच वितळतं, ही गोष्ट वेगळी! म्हणून पुष्कळ बिस्किटांच्या थरात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती तेलं वापरतात. पाकिटावरची यादी वाचली की ते कळतं.)

दुसरं कारण, कुरकुरीतपणा. एकाच घासात खाली कुरकुरीत आणि वर मऊ. दोन तऱ्हा एकत्र आल्या की जिभेला कंटाळा येत नाही. भेळेत आपण शेव वरून, अगदी शेवटी का घालतो? त्याच कारणासाठी.

तिसरं कारण, साखर आणि स्निग्ध पदार्थांची जोडी. निसर्गात ही जोडी फारशी एकत्र सापडत नाही. केळ्यात गोडी आहे, पण तूप नाही. शेंगदाण्यात तेल आहे, पण गोडी बेताची. बिस्किटात मात्र दोन्ही भरपूर! त्यामुळे पोट भरलं तरी जीभ म्हणते, "अजून एक."

आता गणित

पाटी-पेन्सिल घ्या. त्या ब्रिटिश चॉकलेट बिस्किटाचं वजन भरतं साधारण १७ ग्रॅम. त्यातून मिळतात सुमारे ८३ कॅलरी. साखर जवळपास ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. स्निग्ध पदार्थ ४ ग्रॅम आणि प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम.

१ ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, १ ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. मग ५ गुणिले ४ झाले २०, आणि ४ गुणिले ९ झाले ३६. बेरीज ५६. म्हणजे ८३ पैकी ५६ कॅलरी, जवळजवळ दोन-तृतीयांश, नुसत्या साखरेच्या आणि तुपा-तेलाच्या!

आता पाच बिस्किटं धरा. ४१५ कॅलरी आणि पाच चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी, म्हणजेच २५ ग्रॅम साखर. आमच्या विद्यार्थ्याने ती शाळेची घंटा व्हायच्या आत संपवली होती! आणि प्रथिनं मिळाली किती? पाच-साडेपाच ग्रॅम. तेवढी तर मूठभर शेंगदाण्यांत मिळतात. प्रथिनं आणि चोथा कमी असला की पोट फार वेळ भरलेलं राहत नाही. तिसऱ्या तासाला त्याचं डोकं बाकावर का टेकलं, हे वर्गाला आता न सांगताच कळलं.

एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाई, मग गुळाची चिक्की खाल्ली तर?" छान प्रश्न! चिक्कीत शेंगदाणे आहेत, हे चांगलंच. पण गूळ हीसुद्धा साखरच, बरं का! चिक्कीही खाऊच आहे, जेवण नव्हे.

मग खायचंच नाही का?

असं कोण म्हणतंय? खाऊ हा खाण्यासाठीच असतो. फक्त त्याला जेवणाच्या पाटावर बसवू नका. आधी पोळी-भाजी, पोहे, उपमा, नाहीतर दूध-भाकरी. मग कधीतरी एखादं बिस्कीट. पाकीट घेऊन बसू नका. एक काढा, बशीत ठेवा आणि पाकीट डब्यात बंद करा. खाऊन झालं की खळखळून चूळ भरा. बिस्किटाचा चिकट चुरा दाढांच्या खाचांत बसतो, तोंडातले जंतू त्यातल्या साखरेवर ताव मारतात आणि जे आम्ल तयार होतं त्याने दात किडतात.

आई-बाबांनाही दोन शब्द. सकाळची घाई मला ठाऊक आहे; माझ्याही घरी डबे असतात. मुलाच्या हातात बिस्किटं देऊन मीही गाडी पकडली आहे. पण रात्रीची पोळी तूप-शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळून द्यायलाही तेवढाच वेळ लागतो. आणि "भाजी संपवलीस तर चॉकलेट बिस्कीट देईन" असं तेवढं म्हणू नका. त्याने भाजी ही शिक्षा ठरते आणि बिस्कीट बक्षीस.

करून पाहा

घरातलं कुठलंही बिस्किटाचं पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. साखर कितव्या नंबरावर आहे? मैदा आधी आहे की गव्हाचं पीठ? १०० ग्रॅममध्ये साखर किती? त्यावरून एका बिस्किटात किती चमचे येतात, ते वहीत मांडा आणि घरच्यांना दाखवा.

आमच्या त्या विद्यार्थ्याने हे गणित घरी मांडलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ऐटीत येऊन म्हणाला, "बाई, आज उपमा खाऊन आलोय. आणि बिस्कीट एकच आणलंय." मग त्या एका बिस्किटाचे त्याने दोन तुकडे केले. एक आपल्या बाकावरच्या मित्राला दिला आणि दुसरा चघळत चघळत, चॉकलेट पूर्ण विरघळेपर्यंत, खाल्ला. पाच बिस्किटांपेक्षा त्या अर्ध्याची मजा त्याला जास्त आली असावी. चेहऱ्यावरून तरी तसंच दिसत होतं!