रुळांनंतरची वाट

रत्नागिरीला आगगाडी आली तीच मुळी विसाव्या शतकाच्या अखेरीस. बंद पडलेला रेल्वेमार्ग आपल्याला कुठला ठाऊक! पण वऱ्हाडातली शकुंतला आठवा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांवरची गाडी बंद पडली. तिथल्या लोकांना गाडीच परत हवी, आणि ते रास्तच आहे. मग फिरायची वाट कशाला? अहो, जमिनीचा सलग पट्टा एकदा तुटला, की पुन्हा सांधणं कठीण. अमेरिकेनं 1983 साली कायदाच केला: तूर्त वाट करा, पुढे लागले तर रूळ घाला. इंग्लंडात डर्बीशरमधली टिसिंग्टन वाट 1971 पासून अशाच जुन्या मार्गावर आहे. इंजिनाला झेपेल इतकाच चढ. म्हातारं माणूससुद्धा रमतगमत चालेल, पोरंही सायकल हाकतील. पूल मात्र आधी तपासावेत. रेल्वेच्या जुन्या पुलांना पुष्कळदा कठडेच नसतात.