नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी

सह्याद्रीच्या गडांवरील कोरीव टाक्यांचे पाणी थंडगार व नितळ असते, आणि एके काळी साऱ्या शिबंदीची तहान त्यावर भागत असे, एवढ्या दाखल्यावर विसंबून पुष्कळ भटके ते निर्धास्तपणे ओंजळीने पितात. परंतु नितळपणाचा निवाडा डोळे करतात, आणि विषमज्वराचे वा काविळीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. वाहत्या पाण्याला दोष नाही, हा समजही तितकाच भोळा. वरच्या अंगाला गुरे बसत असतील तर ओढा त्यांची घाण खाली आणून पोचवतो, इतकेच.

त्यातल्या त्यात भरवसा ठेवावा तो झऱ्यावर, तोही उगमापाशी. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातकट खडकाचा जो आडवा पट्टा कड्यात दिसतो, त्यावर झिरपते पाणी पुष्कळदा अडते आणि बाजूने फुटते; म्हणून चैत्र-वैशाखात त्या रेषेवर हिरवळीचा ठिपका हेरावा. निवडुंग चिरून तहान भागवण्याची कल्पना ही परदेशी वाळवंटांच्या गोष्टींतून आलेली वावडी होय. आपल्या कुंपणांवरच्या शेरातून किंवा त्रिधारी निवडुंगातून निघतो तो चीक, जो पोटात गेला तर वांत्या होतात आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेततो.

फडक्याने गाळण्याचा रिवाज मात्र निखालस टाकाऊ नव्हे. नारूचा प्रसार करणारे बारीक जलचर कापडात अडकतात, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला त्यात या गाळण्याचा वाटा मोठा होता. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या घडीतून पाणी गाळल्याने पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले, कारण तिचे जंतू बव्हंशी अशाच जलचरांना चिकटून राहतात. सुटे जंतू मात्र कापडातून बिनदिक्कत पार होतात. तुरटीनेही गाळ बसतो, त्याबरोबर काही जंतू तळाशी जातात, बाकीचे जिवंतच राहतात.

राहता राहिले उकळणे. त्यासाठी वीस मिनिटे सरपण जाळण्याची मुळीच गरज नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, दोन हजार मीटरांवर तीन, आणि आपले कळसूबाई तर अवघे १६४६ मीटर. फवारणीचे विष उकळून जात नाही, तेव्हा शेताखालचे पाणी वर्ज्यच समजावे. आणि ज्या बाटलीतून कच्चे पाणी आणले, तिच्यातच उकळलेले ओतायचे असेल, तर आधी ती, आणि विशेषतः तिच्या झाकणाचे आटे, कढत पाण्याने विसळून घ्यावेत.