ईसीजी नॉर्मल आल्यानंतर

छातीत अचानक धडधड सुरू होते, दरदरून घाम फुटतो, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण वाचत नाही अशी खात्रीच वाटू लागते. काही मिनिटांत हे सगळं शिगेला पोचतं आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतं. रुग्णालयात ईसीजी काढतात, रक्त तपासतात, अहवाल नॉर्मल येतात आणि ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं सांगून माणसाला घरी पाठवलं जातं. हृदयापुरतं ते खरं असतं. पण ज्याला नुकतंच मरण समोर दिसलं, त्याच्या हाती या वाक्यातून काहीच लागत नाही. आणि खरा आजार बऱ्याचदा यानंतरच्या आठवड्यांत आकार घेतो.

असा एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात कधीतरी येतो आणि विसरलाही जातो. त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणत नाहीत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकाराला आपल्या निदानग्रंथात स्वतंत्र जागा दिली. आजच्या व्याख्येनुसार झटके ध्यानीमनी नसताना पुन्हा पुन्हा यावे लागतात, आणि त्यानंतर किमान महिनाभर पुढच्या झटक्याची धास्ती तरी राहावी लागते किंवा त्या धास्तीपायी वागणं तरी बदलावं लागतं. म्हणजे धास्ती निदानाचाच भाग आहे. माणूस गर्दीची लोकल सोडतो, लिफ्ट टाळतो, धाप लागेल म्हणून जिने चढत नाही, एकट्याने बाहेर पडणं बंद करतो, दर तासाला नाडी बघतो. झटका अर्ध्या तासाचा असतो, पण ही बंधनं दिवसभर पुरतात. म्हणून माझं म्हणणं असं की उपचाराचा रोख झटका थोपवण्यापेक्षा या धास्तीवर आणि तिच्यामुळे लागलेल्या सवयींवर हवा.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या विकाराची जी मांडणी केली, ती अजूनही सर्वांत उपयोगी वाटते. शरीरात काहीतरी साधा बदल होतो, समजा चहा जास्त झाल्याने ठोके वाढतात. माणूस त्याचा अर्थ हार्ट अटॅक असा लावतो. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि त्यातून पहिला अर्थच खरा वाटू लागतो. घाबरून भराभर श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. चक्कर आणि मुंग्या त्यातून येतात. माणसाला मात्र वाटतं की मेंदूला काहीतरी झालं. लिफ्ट टाळल्यावर किंवा नाडी बघितल्यावर क्षणभर हायसं वाटतं, पण लिफ्टमध्ये काही झालं नसतं हे कळण्याची संधीच हातची जाते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. हा विकार शारीरिक आहे, मेंदूतल्या रसायनांचा आहे, मग विचारांची चर्चा कशाला? आक्षेपामागे पुरावाही आहे. न्यूयॉर्कचे डॉ. डोनाल्ड क्लाइन यांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं की इमिप्रामिन या औषधाने झटके थांबतात. १९६७ साली सोडियम लॅक्टेट शिरेतून देऊन रुग्णांमध्ये झटका घडवूनही दाखवला गेला. पण १९८९ साली डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहावा. पॅनिकच्या वीस रुग्णांना त्यांनी कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली. सगळ्यांना सांगितलं की दिवा लागलेला असताना समोरचं बटण फिरवून वायू कमी करता येईल. बटण निकामी होतं, आणि दिवा फक्त दहा जणांसाठी लावला. त्यांच्यापैकी दोघांना झटका आला. उरलेल्या दहांपैकी आठ जणांना. वायू तोच, रुग्ण त्याच विकाराचे. शरीर ठिणगी टाकतं हे नाकारायचं कारणच नाही, पण ती भडकेल की विझेल यात आपण तिचा काय अर्थ लावतो याचा मोठा वाटा आहे.

म्हणूनच कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत तज्ज्ञ रुग्णाकडून मुद्दाम धाप लागेपर्यंत जागच्या जागी धावून घेतात, फिरत्या खुर्चीत गरगरवतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात. ऐकायला हे क्रूर वाटतं आणि ‘धीट व्हा’ या सल्ल्याचाच हा दुसरा अवतार आहे, अशी शंकाही येते. तसं नाही. धीट होण्याचा सल्ला माणसाला एकटं सोडतो. इथे सोबतीने, पायरीपायरीने, तीच लक्षणं पुन्हा अनुभवून त्यांनी काही बिघडत नाही हे पटवून घेतलं जातं. सेर्ट्रालीन किंवा एस्सिटॅलोप्रामसारखी औषधंही गुणकारी आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते, म्हणून डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात. हे आधी न सांगितल्यामुळे अनेक जण पहिल्याच आठवड्यात गोळ्या सोडून देतात. अल्प्राझोलामची गोळी लगेच शांत करते, पण तिची सवय लागते आणि ‘गोळी खिशात आहे म्हणून वाचलो’ अशी समजूत धास्तीला जिवंत ठेवते. नियमित घेत असाल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. त्याचेही धोके आहेत.

आणि खरोखरच हृदयविकार असला तर? पहिल्यांदा असा त्रास झाला की तपासणी झालीच पाहिजे, विशेषतः वय जास्त असेल, मधुमेह असेल किंवा श्रमाने छातीत दुखत असेल तर. थायरॉइडही बघून घ्यावं. पण सगळं ठीक निघाल्यावर, लक्षणं तीच असताना, दर महिन्याला नवा ईसीजी काढणं हे नाडी बघत राहण्याचंच महागडं रूप आहे. त्यापेक्षा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पाच मिनिटं खर्चून या त्रासाचं नाव सांगावं, तो कसा घडतो ते समजवावं आणि मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्यावी. जवळ तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी सुरुवातीला लोकलमध्ये सोबत जरूर जावं. पुढे तज्ज्ञांच्या सल्ल्याने एक स्टेशन अलीकडे उतरावं, मग दोन.