थकलेलें हृदय आणि घरचें पथ्य

काटोल म्हटलें कीं संत्र्यांच्या बागा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. बहर उतरूं लागला कीं घरोघर टोपल्या येतात, आणि आजाऱ्याच्या समाचारास जाणारा मनुष्य रिक्तहस्तें न जातां चार संत्रीं घेऊन जातो. ही रीत चांगलीच आहे. परंतु ज्या घरीं वडील माणसाचें हृदय दुर्बल झालें आहे, तेथें काय खावें, काय टाळावें व कोणता काढा घ्यावा हे प्रश्न नित्य उभे राहतात. आणि त्यांचीं उत्तरें पुष्कळदां डॉक्टरांच्या आधीं शेजारीच देऊन जातात. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. ‘हार्ट फेल्युअर’ हें नांव ऐकतांच हृदय बंद पडलें असें वाटून घरचीं माणसें घाबरतात. तसें नव्हे. हृदय चालूच असतें. परंतु शरीरास लागेल तितकें रक्त पुढें लोटण्याची त्याची शक्ति कमी झालेली असते. रक्त कमी पोंचतें असें जाणवून मूत्रपिंडें मीठ व पाणी धरून ठेवतात. तें पाणी पायांत उतरलें कीं सूज येते; फुप्फुसांत सांचलें कीं धाप लागते, आणि उताणें निजणें अशक्य होतें. पथ्याचें सारें मर्म ह्या एका साखळींत आहे.

तेव्हां पहिला विचार मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेनें निरोगी प्रौढास देखील दिवसाला ५ ग्रॅमपेक्षां कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आंत, मीठ सांगितलें आहे. आपल्या घरीं भाजींत मीठ बेतानेंच घालतात. खरी चोरी ताटाच्या डाव्या बाजूस होते. लोणचें, पापड, सांडगी मिरची, कुरडया ह्यांत मीठ भरपूर असतें. पापडखार, खाण्याचा सोडा आणि आम्लपित्तावर घेतले जाणारे फसफसणारे खार ह्यांतूनही सोडियमच पोटांत जातें. सैंधव उपवासास चालतें म्हणून हृदयास चालेल, ही समजूत खोटी. तेंही मीठच होय. लिंबू, आमसूल, जिरें, आलें, कोथिंबीर ह्यांनीं अळणी भाजीस चव आणतां येते.

तथापि अतिरेकही नको. २०२२ सालीं सहा देशांतील ८०६ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. मीठ फारच तोडल्यानें मृत्यु किंवा इस्पितळाच्या खेपा निश्चितपणें कमी झाल्या, असें त्यांत दिसलें नाहीं. जेवणच नकोसें होऊन म्हातारें माणूस खंगलें, तर पथ्याचा उपयोग काय?

आतां संत्र्याकडे वळूं. संत्रें खाण्यास सामान्यतः हरकत नाहीं. परंतु ह्या विकारांतील कांहीं औषधें, विशेषतः स्पायरोनोलॅक्टोन व रक्तदाबाचीं कित्येक औषधें, रक्तांतील पोटॅशियम वाढवितात. मूत्रपिंडें अशक्त असतील तर तें इतकें वाढूं शकतें कीं हृदयाची लयच बिघडते. मध्यम संत्र्यांत सुमारें १५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतें, तर पेलाभर शहाळ्याच्या पाण्यांत त्याहून पुष्कळच अधिक. एखाद्या संत्र्याचें भय नको. रसाचे पेल्यामागून पेले मात्र नकोत. सर्वांत मोठा धोका ‘कमी सोडियमच्या’ मिठाचा. त्यांत सोडियमच्या जागीं पोटॅशियम क्लोराइड घातलेलें असतें, म्हणून डॉक्टरांस विचारल्याखेरीज तें घरांत आणूं नये. पपनसानें कोलेस्टेरॉलवरील कांहीं औषधांचा अंमल वाढतो, हेंही ध्यानांत असावें.

पाणी किती प्यावें, ह्यास सर्वांना एकच माप नाहीं. ज्यांस सूज फार, त्यांना डॉक्टर दीड ते दोन लिटरांची मर्यादा घालतात. पण आमच्याकडील वैशाखांत घामानें शरीर शुष्क होतें, तेव्हां तें माप त्यांच्याकडूनच पुन्हां ठरवून घ्यावें.

राहिले काढे व गोळ्या. अर्जुनसाल आपल्या वैद्यकांत मान्य आहे. चक्रदत्तानें हृद्रोगांत अर्जुनसिद्ध दूध सांगितलें आहे. इंदूरच्या डॉक्टरांनीं १९९५ सालीं १२ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला, त्यांत गुण दिसला. पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत १२ आठवड्यांचा तुलनात्मक प्रयोग झाला, त्यांत हृदयाच्या शक्तींत वाढ आढळली नाहीं. कोएन्झाइम क्यू-१० विषयीं २०१४ सालीं ४२० रोग्यांवरील दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याचें फळ आशादायक होतें, पण तेथेंही ती गोळी नेहमींच्या औषधांच्या जोडीस दिली होती, त्यांच्या जागीं नव्हे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा तर मोठाच भ्रम. विल्यम विदरिंग ह्या इंग्रज वैद्यानें १७८५ सालीं फॉक्सग्लोव्ह वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. तिच्याच जातींतून डिजिटालिस हें हृदयाचें औषध आलें, आणि मात्रा किंचित् वाढली तर तेंच विष होतें. देवपूजेच्या कण्हेरींतही त्याच वर्गाचें विष आहे. खोकल्यावर चघळला जाणारा ज्येष्ठमध अधिक घेतल्यास अंगांत पाणी धरतो व पोटॅशियम घटवितो. सांधेदुखीवरच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्या गोळ्याही पाणी सांचवून दबलेला रोग वर काढतात. दुकानांतून परस्पर आणून त्या घेऊं नयेत.

आमच्या मतें ह्या घरांतील सर्वोत्तम उपकरण म्हणजे वजनाचा कांटा. सकाळीं शौचमुखमार्जन झाल्यावर, खाण्यापूर्वीं, रोज वजन करून वहींत टिपावें. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढलें, तर तें अंगावर चढलेलें मांस नसून सांचलेलें पाणी होय. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. त्याच वहींत सर्व औषधें, काढे व चूर्णें लिहून ती त्यांच्यापुढें उघडी ठेवावी. काढ्यावर श्रद्धा असणें हा दोष नाहीं. परंतु काढा सुरू केला म्हणून गोळी बंद करणें, हा पथ्याचा नव्हे, प्राणाचाच प्रश्न होय.