जुन्या मदरबोर्डला कुठली रॅम चालेल?

शहाडहून लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि पुढे पायी. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. आणलेली रॅम स्लॉटमध्ये बसलीच नाही, तर आणखी अर्धा. म्हणून निवड घरीच पक्की करून निघावं.

आधी गरज तपासा. नेहमीची कामं चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली, तर रॅमचा उपयोग होईल. मेमरी मोकळी आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के असेल, तर रॅमचे पैसे एसएसडीवर घाला. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपलीकडची रॅम तिला वापरताच येत नाही, हेही पाहून ठेवा.

आता मदरबोर्डचं नाव. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. मग ज्याला आपण घरात ‘सीपीयू’ म्हणतो त्या डब्याची बाजू उघडा. मॉडेल नंबर बोर्डवरच छापलेला असतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलचं पान काढून दोन आकडे टिपा: एकूण किती जीबी चालते आणि एका स्लॉटमध्ये किती.

डीडीआर म्हणजे रॅमची पिढी. एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, लांबीही तीच, त्यामुळे फसगत होते. पण खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ला २८८ पिना असतात. खाच जुळत नसेल तर दाबू नका, स्लॉट तुटेल. लॅपटॉपची रॅम तर निम्म्याच लांबीची असते.

खरी गोची पिढी जुळल्यावर होते. बऱ्याच घरांत अजून जी४१ चिपसेटचे बोर्ड आहेत. (चिपसेट म्हणजे बोर्डवरचा वाहतूक हवालदार.) त्यांतले डीडीआर३वाले बोर्ड साधारण ८ जीबीपर्यंत घेतात, पण ४ जीबीच्या पट्टीवर सोळा चिप्स हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. त्याच ४ जीबीच्या नव्या पट्टीवर बहुधा आठच चिप्स असतात, प्रत्येकीत दुप्पट साठा. हा दाट साठा जी४१ला ओळखता येत नाही. मग नुसते बीप येतात, नाहीतर अर्धीच रॅम दिसते. लेबलवर ‘२आर×८’ असेल ती सोळा चिप्सची, ‘१आर×८’ असेल ती आठची. एकदा मी हे न पाहता पट्टी घेऊन आलो आणि दोन दिवस बोर्डलाच दोष देत बसलो.

२०११ साली आलेला एच६१ इतके नखरे करत नाही: दोन स्लॉट, प्रत्येकी ८ जीबी.

सेकंडहँड बाजारात दोन स्वस्त सापळे असतात. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी पट्टी इंटेलच्या बोर्डवर चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम घरगुती बोर्डवर सुरूच होत नाही, दिसायला मात्र तशीच. किंमत फारच कमी वाटली, तर लेबल दोनदा वाचा.

वेगाची फार चिंता नको. १३३३च्या जोडीला १६०० लावली, तर दोन्ही १३३३ने धावतात. लेबलवर पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ आणि पीसी३-१२८०० म्हणजे १६००. सारख्या दोन पट्ट्या मात्र एकट्या मोठ्या पट्टीपेक्षा बऱ्या, कारण बोर्ड दोन्हींशी एकाच वेळी बोलतो.

बसवण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसा. पावसाळी दमटपणात त्यांवर थर चढतो, आणि कधी कधी तेवढ्यानेच बंद पडलेलं मशीन सुरू होतं. नवी पट्टी सरळ दाबा, दोन्ही टोकांच्या क्लिप ‘टक’ करून बंद झाल्या पाहिजेत.

त्या रात्री मेमटेस्ट८६ हा मोफत तपासणी प्रोग्राम लावून झोपा. सकाळी एकही चूक दाखवली, तर एकेक पट्टी वेगळी लावून पुन्हा तपासा. दोषी नवी निघाली तर बिल घेऊन परत ग्रँट रोड. जुनी निघाली आणि मशीन हँग होत असेल, तर त्याचं मूळ सापडलं.