दोनच टाके

सकाळी ८.१५
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शटरं वर जातायत. मिस्त्रींचा गाळा दहा बाय बाराचा, निम्मं काम बाहेर पत्र्याखाली चालतं. आत कोपऱ्यात तेलाचं जुनं वेल्डिंग मशीन आहे. ते हलवायला चौघं लागतात, त्यामुळे ते जागचं हलत नाही. घरोघरच्या कामाला इन्व्हर्टर मशीन. सहा किलोचं, खांद्याला अडकवलं की झालं.

पोऱ्या पिशवी भरतोय. ग्राइंडर, कटिंग व्हील, गुण्या, टेप, क्लॅम्प, खडू. रॉडचं पाकीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. रॉड सादळला की तडतडतो, टाका नीट बसत नाही. पोऱ्याची हजेरी ६०० रुपये. मिस्त्री स्वतःची हजेरी धरत नाहीत. उरेल ती त्यांची.

९.२०
जयंती नाल्याच्या बाजूची गल्ली. या भागानं २०१९चा पूर बघितला आणि २०२१चाही. काकूंच्या गेटचा डावा पल्ला खाली बसलाय. फरशीवर अर्धगोल ओरखडा पडलाय, पल्ला खांद्यानं उचलल्याशिवाय सरकत नाही.

“बिजागरी सुटलीय बघा. दोनच टाके मारायचेत.”

मिस्त्री काही बोलत नाहीत. हातोडी घेऊन उकिडवे बसतात आणि चौकोनी पाइपवर वरून खाली टकटक करत येतात. वर आवाज खणखणीत. गुडघ्याच्या खाली तोच आवाज बद्द होतो. तिथं स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जरा जोर देतात. टोक आत जातं. बाहेरून रंगाचे तीन थर तुकतुकीत, आत पाइप सडलेला. पोकळ पाइपात शिरलेलं पाणी बाहेर पडायला जागा नव्हती.

“टाके मारतो की. पण ते धरणार कशाला? लोखंडच ऱ्हायलं नाही.”

“मग किती?”

“तीन हजार.”

“अहो, भाचा म्हणाला पाचशेत होतंय!”

भाचा पुण्यात असतो. घासाघीस वीस मिनिटं चालते, त्यात एक हाफ चहा होतो. २,६०० वर तुटतं. पाइप, बिजागऱ्या, सगळं त्यातच. काकूंची चूकही म्हणवत नाही. वेल्डरला लोक बघतात ते ठिणग्या उडताना, आणि ठिणग्या फार वेळ उडत नाहीत.

९.५५
मशीनची वायर खिडकीतून आतल्या मोठ्या प्लगला. फ्रिज बंद करायला सांगितलंय. दोघांनी मिळून पल्ला पिनेवरून उचलला, चार विटांवर आडवा ठेवला. सडका भाग सोडून वीतभर वर खडूची रेघ. कटिंग व्हील पाइपात उतरतं आणि करड्या फरशीवर तपकिरी पाणी सांडतं. शेवटच्या पुरापासूनचं नसेल. दर पावसाळ्याचं थोडं थोडं असेल.

नव्या तुकड्यांना जोडण्याआधीच खालून भोक पाडतात, पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. पुढचं पाणी तिथून निघून जाईल. हे भोक कुणी मागितलं नव्हतं. त्याचे पैसेही नाहीत.

११.१०
आता जुळवणी. गुण्या लावायचा, क्लॅम्प आवळायचा, बघायचं, सैल करायचं, परत आवळायचं. टेप या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट्या कोपऱ्यांत. दोन मापांत पाव इंच फरक येतो. पोऱ्या हातोडीनं एक ठोका देतो. परत टेप. आता बरोबर.

गल्लीतली दोन पोरं जवळ येतात. मिस्त्री पत्र्याचा तुकडा आडोशाला उभा करतात. “बघू नका रं. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत होतंय.” पोऱ्याला मागच्या महिन्यात आर्क लागली होती. टाका मारायच्या वेळी काच धरायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

मशीन ७० अँपियरवर. पाइप पातळ, करंट वाढवला की भोक पडतं. रॉड घासला, पेटला, टेकवला, उचलला. चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके, मग गुण्या, मग पक्की वेल्ड. एका कोपऱ्यात थोडी, मग समोरच्या कोपऱ्यात थोडी. एकाच बाजूनं मारत गेलं तर वेल्ड तापून निवताना पाइप ओढते आणि तासाभराची जुळवणी वाकडी होते. अडीच मिलिमीटरचा रॉड मिनिटभरात संपतो. शेवटचे दोन इंच पकडीतच राहतात, ते फेकायचे. वर आलेली मळी हातोडीनं ठोकून काढायची, खाली चकचकीत शिवण दिसते. मिस्त्री तिच्यावरून बोट फिरवत नाहीत, भाजतं. नवा माणूस एकदा तरी फिरवतोच.

१२.४०
पल्ला जागेवर. खाली अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी, तिच्यावर पल्ल्याचा भार. तो असा तोलून धरूनच नव्या बिजागऱ्या खांबाला जोडायच्या. मग पट्टी काढायची. पोऱ्या पट्टी ओढतो, पल्ला हलत नाही. काकू एका बोटानं ढकलतात. गेट जातं.

“झालं की! एवढंच तर होतं.”

मी रॉड मोजले. बिजागऱ्यांसकट अकरा. म्हणजे साडेतीन तासांच्या कामात आग फक्त अकरा मिनिटं.

वेल्डवर रेड ऑक्साइडचा हात. काकू दोन हजार देतात, सहाशे ऑइलपेंट लागल्यावर. कापलेले सडके तुकडे त्यांनी ठेवून घेतले. भंगारवाला उद्या येतो.

१.३०
गाळ्यावर भाकरी, खर्डा, दही.

२.१५
ठेकेदाराचं ग्रिल, चार बाय चार फूट. पट्टीची चौकट, आत दहा मिलिमीटरचे चौकोनी बार, चार इंचांवर एक. इथं जुनं मशीन घुमतं. काम एकसारखं, बोलणं नाही. एका मापाची लाकडी ठोकळी बारांत सरकवत पोऱ्या पुढं जातो, मागून मिस्त्री टाके मारतात. मग ग्राइंडर. कानाला दडे बसतात.

५.४०
ग्रिल काट्यावर. साडेसतरा किलो. रंगासकट दर १२० रुपये किलो, म्हणजे २,१००. त्यातलं लोखंडच ११२० रुपयांचं. ठेकेदार वजन फोनवर ऐकतो, “सतरा धरा” म्हणतो. मिस्त्री काट्याचा फोटो पाठवतात. हजार रुपये येतात. बाकीचे महिनाअखेर.

७.१०
रिकाम्या रॉडच्या पाकिटावर हिशोब. आले तीन हजार. गेले: ग्रिलचं लोखंड ११२०, गेटचा पाइप ४२०, बिजागऱ्या १८०, व्हील ७५, रॉड ५५, रेड ऑक्साइड ९०, पेट्रोल ७०, ग्रिलचे रॉड-व्हील १५०. पोऱ्याचे ६०० वेगळ्या खिशात. त्याचा पगार शनिवारी एकदम होतो, पण आठवड्यात कमी पडायला नको. हातात २४०. काकूंचे सहाशे आणि ठेकेदाराचे अकराशे यायचेत.

फोन वाजतो. उद्या टेंबलाईवाडीला पाण्याच्या टाकीचा स्टँड हलतोय.

“येतो की. टाकी रिकामी करून ठेवा. आणि गच्चीवर प्लग आहे का? कितव्या मजल्यावर?” तिकडून काहीतरी उत्तर येतं. मिस्त्री पोऱ्याकडे बघतात. “लांब वायर काढ. आणि पिन जळलीय तिची, ती आत्ताच बदल.”