न झालेल्या रोगाचा इलाज



या व्याख्यानमालेत मी यापूर्वी दोनदा बोललो. एकदा बोनसवर आणि एकदा कंत्राटी कामगारांवर. यंदा चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "स्त्रियांच्या मांडीच्या कातडीवर पडणाऱ्या खळ्या." ते थोडे चपापले. युनियनच्या माणसाला या विषयाशी काय कर्तव्य, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु हा विषय माझ्याकडे कर्जाच्या अर्जातून आला, आणि एकदा आल्यावर मला तो टाळता आला नाही.

आमच्या कामगार पतपेढीकडे येणाऱ्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीत मी बसतो. गेल्या वर्षी पॅकिंग खात्यातील एका बाईंचा अर्ज आला. रक्कम २२,००० रुपये. हातात पडणारा पगार १५,०००. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'उपचार'. उपचारासाठीचा अर्ज आम्ही सहसा अडवीत नाही. पण आजार मोठा असेल तर कामगार राज्य विमा योजनेतून सोय होईल, या विचाराने मी त्यांना बोलावून घेतले आणि विचारले, "ताई, आजार कोणता?" त्या गप्प राहिल्या. मग पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. शहरातील एका सौंदर्यकेंद्राचे ते पत्रक होते. दहा बैठकांत मांड्यांवरील सेल्युलाईट नैसर्गिक पद्धतीने मुळापासून घालवून देऊ, अशी त्यात हमी होती.

मी त्या वेळी जे बोललो ते आज सांगताना लाज वाटते. म्हणालो, "मुलांच्या फिया भरायच्या सोडून हे चोचले कसले?" बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरांनी मला गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं. नगरपालिकेच्या तलावावर बायकांच्या वेळेला जात होते. तिथं एकीनं माझ्या मांड्यांकडं बघून दुसरीला काही तरी म्हटलं, आणि दोघी हसल्या. तेव्हापासून गेले नाही. तुम्ही सभेला येताना दाढी करता, केस काळे करता, ते कुठल्या मागणीपत्रकात बसतं?"

मजजवळ उत्तर नव्हते. मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. युनियनच्या दवाखान्यातील डॉक्टरांना आणि त्यांच्या ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना प्रश्न विचारून विचारून जेरीस आणले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. घरातली कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. गादीवाला कापूस भरतो आणि तो सरकू नये म्हणून वरच्या कापडापासून खालच्या कापडापर्यंत जाड दोऱ्याचे टाके घालतो. टाका पडला तेथे खड्डा होतो, आणि दोन टाक्यांमधला कापूस वर फुगतो. आपल्या कातडीखालीही असेच असते. कापसाच्या जागी चरबी, आणि दोऱ्याच्या जागी कातडीला खालच्या थराशी बांधून ठेवणारे चिवट तंतू. स्त्रीच्या मांडीत व नितंबात हे तंतू बहुतांशी उभे, म्हणजे गादीच्या टाक्यांसारखे असतात. त्यांच्यामधील चरबीचे कप्पेही मोठे असतात. पुरुषाच्या शरीरात तेच तंतू तिरपे, एकमेकांना छेदून जाणारे, खाटेच्या विणीसारखे असतात. त्यामुळे त्याची चरबी आत दबून राहते आणि वरून कातडी सपाट दिसते. फरक एवढाच आहे. कातडी जशी वयाने पातळ व सैल होते, तशा या खळ्या अधिक उठून दिसू लागतात.

वयात आलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी ऐंशी ते नव्वद स्त्रियांत हे कमीअधिक प्रमाणात आढळते, असे त्वचाशास्त्राचे ग्रंथ सांगतात. सडपातळ स्त्रियांतही आढळते. पुरुषांत क्वचितच, आणि तेही बहुधा ज्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरक कमी पडते त्यांच्यात. यावरून ध्यानात येईल की, हा चरबीचा रोग नव्हे, की आळसाची शिक्षाही नव्हे. ही स्त्रीच्या शरीराची बांधणी आहे. सतराव्या शतकातील चित्रकार रुबेन्स याचे 'थ्री ग्रेसेस' हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यातील देवतांच्या मांड्यांवर या खळ्या त्याने मन लावून रंगविल्या आहेत. त्याला त्यात काही उणे दिसले नाही.

मग यात उणे दिसू लागले केव्हा? याचा इतिहास मला फार बोधप्रद वाटला. 'सेल्युलाईट' हा शब्द फ्रेंच आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील वैद्यकीय कोशांत तो आला तेव्हा त्याचा अर्थ ऊतकांचा दाह असा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील सौंदर्यविषयक मासिकांनी तो उचलला आणि मांडीवरच्या खळ्यांना लावला. संत्र्याच्या सालीसारखी कातडी, असे तिचे वर्णनही फ्रेंच लोकांत रूढ झाले. १९६८ च्या एप्रिलमध्ये 'व्होग' या अमेरिकन मासिकाने तो शब्द आपल्या वाचक-भगिनींना सांगितला. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यकेंद्र चालविणाऱ्या निकोल रोन्सार्द या बाईंचे या विषयावरील पुस्तक निघाले आणि ते धडाक्याने खपले. १९७८ साली न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी स्त्रीपुरुषांची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जो निबंध लिहिला, त्याच्या मथळ्यातच त्यांनी सेल्युलाईटला 'शोधून काढलेला रोग' म्हटले. आता गमत पाहा. निबंध वैद्यकीय मासिकाच्या कपाटात राहिला, आणि रोग मात्र जगभर पसरला.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकतो. माल विकायचा असेल तर आधी गरज तयार करावी लागते. येथे तर दहांपैकी आठ-नऊ गिऱ्हाइके जन्मतःच तयार आहेत, आणि माल कितीही घेतला तरी गरज संपत नाही. यापेक्षा चांगला धंदा कोणता?

आता नैसर्गिक उपायांकडे वळू. त्यांत काही अर्थच नाही, असे मी म्हणणार नाही. कोणत्या उपायाने किती घडते, एवढे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पहिला उपाय व्यायामाचा. मांडीचा स्नायू भरला की वरच्या कातडीला खालून आधार मिळतो आणि खळ्या थोड्या कमी दिसतात. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. बैठका, जिने चढणे, सायकल, पोहणे, झपझप चालणे पुरे आहे. आपल्या बायका मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा घालीत रात्र जागवीत, तोही पायांचा खणखणीत व्यायामच होता. मात्र मांडीचा व्यायाम केला म्हणजे मांडीचीच चरबी जाते, हा समज खरा नाही. चरबी कोठून काढायची ते शरीर ठरवते. व्यायामाचा खरा लाभ गुडघ्याला, हृदयाला आणि झोपेला होतो. खळ्यांचा लाभ वरकड समजावा.

दुसरा उपाय वजनाचा. वजन जास्त असेल आणि ते सावकाश उतरविले, तर बऱ्याच जणींत फरक पडतो, कारण टाक्यांमधला कापूस कमी होतो. पण उपास करून झटपट वजन पाडले तर कातडी सैल पडते आणि काही जणींत खळ्या पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. ज्यांचे वजन मुळात बेताचे आहे त्यांनी या कारणासाठी जेवण कमी करणे हा शरीरावर अन्याय आहे. आठ तास उभ्याने काम करणाऱ्या बाईने तर तो मुळीच करू नये.

तिसरा उपाय मालिशाचा. तेल लावून चोळणे, कोरड्या ब्रशाने घासणे, कॉफीची पूड किंवा उटणे लावणे हे सारे याच घरातले. चोळल्याने रक्त खेळते, साचलेले पाणी हलते, कातडी किंचित फुगते आणि काही काळ खळी बुजल्यासारखी दिसते. मग मूळपद येते. बरे वाटण्यासाठी मालीश जरूर करावे, पण त्याने आतला टाका तुटत नाही. ज्या यंत्राने कातडी ओढून चोळतात, त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती 'तात्पुरते कमी दिसणे' एवढ्याच दाव्यापुरती. पत्रकात 'तात्पुरते' हा शब्द मला सापडला नाही.

चौथा उपाय खाण्यापिण्याचा. लिंबूपाणी, मध, सफरचंदाचा शिरका यांनी 'विषारी द्रव्ये' धुऊन निघतात आणि खळ्या जातात, असे सांगतात. खळ्यांत विष साठलेले नसते. शरीरातील टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस, सुटी न घेता करीत असतात. पाणी पुरेसे प्यावे, मीठ बेताने खावे, भाजी-डाळ पोटभर खावी, पण ते साऱ्या शरीरासाठी. अंगाला पट्टे गुंडाळून घाम काढतात त्याने घटते ते फक्त पाणी, आणि ते तांब्याभर प्यायलो की परत येते. सिगारेट ओढणारांची कातडी लवकर सैल पडते, म्हणून ती सोडणे हा मात्र खरा उपाय आहे, आणि त्यात पैसे वाचतात.

टाका प्रत्यक्ष तोडण्याच्या पद्धती डॉक्टरांजवळ आहेत. जागा बधिर करून सुईने ते तंतू तोडतात, आणि त्याचा गुण काही वर्षे टिकतो असे दिसले आहे. पण ते काम तज्ज्ञाचे आणि खर्चाचे आहे. तंतू विरघळविणारे 'क्वो' नावाचे एक इंजेक्शन अमेरिकेत २०२० साली मंजूर झाले होते. त्याने पडणारे काळेनिळे डाग आणि कातडीच्या रंगात होणारा पालट यांमुळे कंपनीने २०२२ च्या अखेरीस ते बंद केले. एवढी मोठी यंत्रणा जेथे अडखळली, तेथे दीडशे रुपयांची डबी काय करणार, याचा आपणच विचार करावा.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो, आणि आजच्या भाषणातील बाकी सर्व विसरलात तरी एवढी लक्षात ठेवा. सेल्युलाईटशी जवळजवळ सारख्या नावाचा एक खराखुरा रोग आहे, त्याचे नाव सेल्युलायटिस. टाचेच्या भेगेतून, बोटांमधल्या चिखल्यांतून किंवा जखमेतून जंतू आत शिरतात आणि बहुधा एकच पाय लाल, गरम, सुजलेला व दुखरा होतो. लाली पसरत जाते, ताप येतो. मधुमेह असणारांना हा धोका अधिक. अशा पायाला मालीश करू नये, लेप लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्यास जंतुनाशक औषधच लागते. तसेच एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजून दुखू लागली, तर आत रक्ताची गाठ असू शकते. तीही चोळू नये. संत्र्याची साल दुखत नाही आणि तापही आणीत नाही. नावाच्या सारखेपणामुळे एकाचा इलाज दुसऱ्यावर होऊ नये.

कायद्याविषयी दोन शब्द. १९५४ साली औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे कायदा झाला. ज्या विकारांवरील इलाजाची जाहिरात त्याने निषिद्ध ठरविली त्यांत लठ्ठपणा आहे. सेल्युलाईट त्या यादीत नाही, कारण तो रोगच नाही! रोग नाही म्हणून त्याची हमी उघड छापता येते, आणि हमी छापली म्हणून तो रोग वाटतो. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. म्हणून असे पत्रक हाती आले तर ते फाडू नका, जपून ठेवा. पैसे भरलेच तर पावती घ्या, आणि 'मुळापासून' हा शब्द पावतीवर लिहून मागा. लिहून देतात का ते पाहा.

आठ दिवसांनी मी त्या बाईंना हे सर्व सांगितले, आणि त्याआधी माझ्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. अर्ज मंजूर करायला समितीची हरकत नाही, पैसा तुमचा आणि निर्णयही तुमचा, असेही सांगितले. त्यांनी पत्रक पुन्हा एकदा वाचले, घडी घातली आणि विचारले, "म्हणजे त्या दोघींच्याही मांड्यांवर हे असणार?" मी म्हटले, "शंभरांत ऐंशी-नव्वद, असे पुस्तक सांगते." त्यांनी अर्ज परत घेतला.

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनीच एक ठराव मांडला. पॅकिंग खात्यात उभ्याने काम करणाऱ्या बायकांना बसायला स्टुले द्यावीत, अशी ती मागणी होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात, उभे राहून काम करणारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून सोय करण्याचे बंधन मालकावर घातले होते. इतक्या वर्षांत ते कलम आमच्यापैकी कोणी त्या खात्यासाठी काढून वाचले नव्हते, माझ्यासकट. व्यवस्थापनाने सहा स्टुले दिली. आम्ही बारा मागितली होती. बाकीच्या सहांसाठी पत्रव्यवहार चालू आहे.

गेल्या महिन्यात त्या बाई भेटल्या तेव्हा पोहण्याची चौकशी केली. आठवड्यातून तीन सकाळी त्या जातात. गुडघा पुष्कळ हलका आहे, जिना चढताना कठडा धरावा लागत नाही. खळ्यांचे काय, असे विचारण्याचा मला धीर झाला नाही. पण त्या स्वतःच म्हणाल्या, "आहेत तशाच आहेत, भाऊ. पाण्यात कोण बघतंय?"